बाल्मेन आलंच नाही : सिडनीच्या १९०९ च्या रग्बी लीग हंगामामागची गोष्ट

साउथ सिडनी या रग्बी लीग क्लबाच्या नावावर २१ विजेतेपदं आहेत. सिडनीच्या लीगमध्ये दुसऱ्या कुणाचीच इतकी नाहीत. यातलं दुसरं, १९०९ चं, समोर बाल्मेन क्लबाचा संघ मैदानात नसताना मिळालेलं आहे. ते वजा केलं तरी २० उरतात आणि पहिला नंबर कुठे जात नाही. तरीही या एका आकड्यावरची कुरकुर शंभर वर्षांहून जास्त टिकली आहे. साउथवाले म्हणतात, आम्ही वेळेवर मैदानात होतो, ते आले नाहीत. बाल्मेनवाले म्हणतात, दोघांनीही यायचं नाही असं ठरलं होतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं एवढ्या एका ओळीत संपतं. पण ती ओळ कशातून आली हे कळायला आधीची दोन वर्षं बघावी लागतात, आणि ती बघताना खेळापेक्षा हिशेबाच्या वह्याच जास्त हाताळाव्या लागतात.

रग्बीचे 'युनियन' आणि 'लीग' असे दोन वेगळे खेळ करणारी इंग्लंडच्या उत्तरेतली १८९५ ची फूट, हडर्सफील्डच्या हॉटेलातली बैठक वगैरे इथे पुन्हा सांगत नाही. फक्त एका शब्दापाशी थांबतो, कारण पुढे सगळीकडे तोच आडवा येतो. 'ब्रोकन टाइम' या शब्दावरून ती फूट पडली. मराठीत त्याचं भाषांतर करायची गरजच नाही. गिरणगावात तो शब्द घरोघरी होता : खाडा. शनिवारी सामन्यासाठी गाव सोडलं, पाळी चुकली, पगार कापला गेला. खेळामुळे पडलेल्या खाड्याचे पैसे क्लबानं भरून द्यायचे की नाही, एवढाच वाद होता. लंडनच्या १८९३ च्या सभेत २८२ विरुद्ध १३६ मतांनी 'नाही' ठरलं आणि दोन वर्षांनी उत्तरेतले क्लब बाहेर पडले. खाडा भरून मागणाऱ्याला 'प्रोफेशनल' म्हटलं गेलं. आपल्याकडे नाटकवाल्यांना 'धंदेवाईक' म्हणायचे तोच सूर त्यात होता, आणि 'हौशी' म्हणवून घेणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय आधीच झालेली असायची. सिडनीत १९०७ मध्ये हा शब्द उतरला तो याच सुरासकट. पुढे १९०९ मध्ये त्याचा अर्थ इतका बदलला की खाडा बाजूला पडला आणि सौदा उरला. त्या बदलाचा पहिला फटका कुणाला बसला, तर खाडेवाल्यांनाच.

सिडनीत फुटीला निमित्त ठरल्या दोन गोष्टी, आणि दोन्ही एकाच हंगामातल्या. १३ जुलै १९०७ ला न्यूझीलंडचा संघ सिडनी क्रिकेट ग्राउंडवर न्यू साउथ वेल्सविरुद्ध खेळला तेव्हा पन्नास हजारांहून जास्त माणसं तिकीट काढून आली होती. युनियनची, म्हणजे जुन्या रग्बी संघटनेची, तिजोरी भरली. त्याच वर्षी जखमी होऊन घरी बसलेल्या एका फॉरवर्डला कामावर जाता येईना आणि युनियनकडून भरपाईही मिळेना. लांबच्या दौऱ्यावर खेळाडूच्या हातात रोजचे तीन शिलिंग पडायचे; बायकामुलं मागे ठेवून जाणाऱ्या गोदी कामगाराला ते पुरणं शक्यच नव्हतं. रेडफर्न, ग्लीब, न्यूटाउन, बाल्मेन ही त्या काळची कामकऱ्यांची उपनगरं : रेडफर्नजवळ रेल्वेचे कारखाने, बाल्मेनला गोदी, आणि बाल्मेनच्या घरांखाली तर चक्क कोळशाची खाण. पन्नास हजारांचा गल्ला आणि एका माणसाचा लटकलेला हात लोकांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिला.

बैठका जिथे भरत ते ठिकाण मराठी वाचकाला एरवी अनोळखी वाटणार नाही. मार्केट स्ट्रीटवर खेळाच्या सामानाचं एक दुकान होतं आणि त्याचा मालक होता व्हिक्टर ट्रंपर. ओल्ड ट्रॅफर्डला १९०२ मध्ये उपाहाराआधी शतक ठोकणारा, तोच. आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटवेड्यांच्या गप्पांत ट्रंपरचं नाव अजूनही आदरानं निघतं, पण रग्बी फोडणाऱ्यांच्या टोळीत तो होता हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ८ ऑगस्ट १९०७ ला जॉर्ज स्ट्रीटवरच्या एका हॉटेलात लीग स्थापन झाली तेव्हा अध्यक्षपद एका राजकारण्याकडे गेलं, चिटणीसपद एका धडपड्या व्यापाऱ्याकडे आणि खजिनदारी ट्रंपरकडे. पैशाची चावी त्याच्याकडे का, याचं उत्तर सोपं आहे. ट्रंपर खिशाला भोक पडलेला माणूस म्हणूनच प्रसिद्ध होता, तरी त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायची कुणाची छाती नव्हती. हिशेब ठेवण्याचं कसब ही वेगळी गोष्ट असते, हे दीड वर्षानं कळलं.

त्याच ऑगस्टमध्ये न्यूझीलंडहून इंग्लंडला निघालेला एक बंडखोर संघ वाटेत सिडनीला थांबला आणि तीन सामने खेळला. या संघातल्या प्रत्येकानं स्वतःचे ५० पौंड भरून दौऱ्यात भागी घेतली होती. म्हणजे ज्यांना लोक धंदेवाईक म्हणून हिणवत होते, ते खरं तर मजूर नव्हते, भागीदार होते. वर्तमानपत्रांनी न्यूझीलंडच्या रग्बी संघाच्या 'ऑल ब्लॅक्स' या नावाची मोडतोड करून त्यांना 'ऑल गोल्ड्स' म्हटलं. पहिल्या सामन्याला वीसेक हजार प्रेक्षक आले. नव्या खेळाच्या नियमांचं पुस्तक सिडनीत कुणाकडेच नव्हतं, म्हणून सामने जुन्याच नियमांनी खेळले गेले : बंड झालं होतं, पण बंडाचा खेळ कसा खेळायचा ते कळायचं होतं. शहराचा सगळ्यात लाडका खेळाडू डॅली मेसेंजर लीगकडे आला. आईला विचारून आला असं सांगतात. आला तो नुसता आला नाही, पाहुण्यांबरोबर थेट इंग्लंडला गेला.

१९०८ चा पहिला हंगाम भराभर सांगून टाकतो. जानेवारीत एकेका टाउन हॉलमध्ये सभा होऊन क्लब निघाले. सगळ्यात आधी आपणच निघालो, हा दावा ग्लीब आणि न्यूटाउन दोघेही करतात. फरक एका दिवसाचा आहे. २० एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, पहिली फेरी झाली. बर्चग्रोव्हच्या मैदानावर साउथनं नॉर्थ सिडनीला ११-७ असं हरवलं. संघ नऊ होते. २९ ऑगस्टला साउथनं ईस्टर्न सबर्ब्सविरुद्धचा अंतिम सामना १४-१२ असा जिंकला, पण तोवर दोन्हीकडचे चांगले खेळाडू इंग्लंडच्या बोटीत बसून गेलेही होते. पहिल्याच वर्षी घरच्या स्पर्धेपेक्षा दौरा मोठा मानला गेला. ही सवय तेव्हा लागली.

दौरा बुडाला. कांगारू नाव घेऊन आणि सोबत एक खरंखुरं कांगारू घेऊन गेलेला हा संघ लँकेशायरला पोहोचला तेव्हा तिथल्या सूतगिरण्यांना टाळं लागलेलं होतं. मालकांनी पगारकपात लादली, कामगारांनी ती नाकारली आणि सात आठवडे गिरण्या बंद राहिल्या. घरात चूल पेटायची मारामार, तिथे तिकीट कोण काढणार? हवामानही विरोधात गेलं. चाळीसहून अधिक सामने झाले, जिंकण्यापेक्षा हरण्याचे प्रसंग जास्त आले. लंडनमधला पहिला कसोटी सामना २२-२२ असा बरोबरीत सुटला, पण तो पाहायला फारसं कुणी नव्हतं. ते कांगारूही परदेशातच मेलं. दौऱ्याची आर्थिक जबाबदारी चिटणिसानं स्वतःच्या अंगावर घेतली होती. तो पुरता खंक झाला आणि संघाच्या परतीचं भाडं इंग्रज यजमानांनी भरलं.

इकडे १९०९ च्या सुरुवातीला वार्षिक सभा झाली आणि हिशेब मागितला गेला. किती आले, किती गेले, शिल्लक कुठे आहे? समाधानकारक उत्तर मिळालं नाही. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार, तिघांनाही जावं लागलं. चोरीचा आळ पचनी पडेल असा नव्हता, विशेषतः ट्रंपरवर. घोळ मात्र झाला होता. ट्रंपर क्रिकेट संघाबरोबर त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यावर निघून गेला आणि रग्बीशी त्याचा संबंध जवळपास संपला. १९१५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी तो वारला. चिटणिसाला मात्र इतिहासानं नंतर सांभाळून घेतलं : साखळीत पहिला येणाऱ्या संघाला आज जी ढाल देतात तिच्यावर त्याचं नाव आहे. हाकलून दिलेल्या माणसाचं नाव ढालीवर कोरायला सगळीकडेच बराच काळ जावा लागतो.

नव्या कारभाऱ्यांच्या हाती आली ती रिकामी थैली आणि आठ संघांची स्पर्धा. कंबरलँड पहिल्याच वर्षानंतर बाद झाला होता. मोठं मैदान युनियनकडे होतं. मोठी नावंही युनियनकडेच होती, आणि त्यांतली सगळ्यात मोठी नुकतीच परत आली होती. वॉलबीज या नावानं दौऱ्यावर गेलेल्या युनियनच्या ऑस्ट्रेलियन संघानं १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रग्बीचं सुवर्णपदक मिळवलं होतं. अंतिम सामन्यात समोर कॉर्नवॉल होतं, स्कोअर ३२-३, आणि स्पर्धेत सामनाही तेवढा एकच झाला. पण पदक ते पदक. हे खेळाडू हौशी होते, तीन शिलिंगवाले. घरी परतल्यावर त्यांच्याही लक्षात आलं की आपल्या नावावर लोक गर्दी करतात आणि आपल्या खिशात काही पडत नाही.

इथे एक हॉटेलमालक पुढे आला. हा माणूस पुढे सिडनीचा महापौर झाला आणि त्यानं साप्ताहिकही काढलं. १९०९ मध्ये मात्र तो मनोरंजनाच्या धंद्यातला, गर्दी कुठे जमते हे ओळखणारा गृहस्थ होता. त्यानं पैसे लावले. डझनाहून जास्त वॉलबीजना एकेकट्यानं गाठून रकमा ठरवल्या गेल्या, माणसागणिक वेगळ्या. कप्तानाचा भाव वेगळा, राखीव खेळाडूचा वेगळा. अट अशी की लीगच्या नियमांनी कांगारूंविरुद्ध ठरलेले सामने खेळायचे. एकदा खेळले की युनियनचे दरवाजे जन्मभर बंद होणार, हे दोन्ही पक्षांना माहीत होतं. किंमत त्याचीच होती. लीगच्या वतीनं हे सगळं गुपचूप चाललं होतं, आणि क्लबांना त्याची खबर मिळाली ती बाकीच्या शहराबरोबरच.

'प्रोफेशनल' या शब्दाचा अर्थ बदलला तो इथे. साउथ किंवा बाल्मेनकडून खेळणाऱ्या साध्या गड्यासाठी लीग म्हणजे दुखापतीची भरपाई, खाड्याचे पैसे आणि घरच्या मैदानावरची चारचौघांत ओळख. वॉलबीजसाठी लीग म्हणजे आगाऊ ठरलेली, हातात मोजून दिलेली रक्कम. दोन्हींना एकच शब्द. आजही मराठी वर्तमानपत्रांत 'व्यावसायिक' म्हणताना कबड्डीत नोकरी मिळवून खेळणारा आणि लिलावात विकला जाणारा एकाच डब्यात भरतात. तसंच ते होतं. वॉलबीजना मी दोष देत नाही. त्यांनी भाव केला, आणि तो करण्याचा त्यांना हक्क होता. पण पैसा दुसऱ्याचा होता आणि तो परत मिळवायचा होता, आणि परत मिळवण्याचा एकच मार्ग होता : दरवाजावरचा गल्ला.

पहिला सामना ४ सप्टेंबर १९०९ ला मूर पार्कजवळच्या अ‍ॅग्रिकल्चरल ग्राउंडवर झाला. कांगारूंनी तो २९-२६ असा जिंकला. गुणांचा पाऊस, गर्दी चांगली, वर्तमानपत्रं खूश. पुढचे दोन वॉलबीजनी जिंकले. मग चौथा ठरला, १८ सप्टेंबरला, आणि तो कांगारूंनी घेऊन बरोबरी साधली. दोन-दोन. सोयीचा योगायोग होता, एवढंच म्हणतो.

याच दोन आठवड्यांत लीगची स्वतःची स्पर्धाही संपत आली होती. साउथ आणि बाल्मेन अंतिम फेरीत पोहोचले होते. साउथ गतविजेते, हंगामभर पुढे. बाल्मेनची ही पहिलीच अंतिम फेरी. गोदीवाल्यांच्या त्या वस्तीत संघाला 'वॉटरसायडर्स' म्हणत; साउथवाल्यांना 'रॅबिटोज', म्हणजे ससे विकणारे. शनिवारी सकाळी रस्तोरस्ती ओरडत ससे विकायचे आणि दुपारी खेळायला यायचे, असं त्या नावामागचं कारण सांगतात. थोडक्यात, अंतिम सामना ज्यांच्यासाठी लीग काढली त्या दोन वस्त्यांमधला होता. आणि लीगनं ठरवलं की हा अंतिम सामना १८ तारखेलाच, त्याच मैदानावर, चौथ्या कांगारू-वॉलबीज सामन्याच्या आधी उरकायचा.

आपल्याकडे नाटकाचा पडदा वर जाण्याआधी नांदी होते. लोक अजून खुर्च्या शोधत असतात, पानवाल्याकडून येत असतात, मुलांना गप्प करत असतात. नांदी कितीही सुरेल असली तरी तिकीट कुणी नांदीचं काढत नाही. वर्षभर चाललेल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याला लीगनं ती जागा दिली. बाल्मेननं हरकत घेतली : अंतिम सामन्याला स्वतःचा दिवस हवा, नाहीतर आम्ही येणार नाही. लीगनं मानलं नाही. गल्ला त्या मोठ्या सामन्याचा धरला जाणार होता, आणि दोन क्लबांचे पाठीराखे आले तर तो फुगणारच होता. नांदीवाल्यांनी गर्दी आणायची, नाटक दुसऱ्यांनी करायचं.

आता वादाचा मुद्दा. बाल्मेनच्या म्हणण्याप्रमाणे साउथचंही मत तेच होतं आणि दोन्ही क्लबांनी मिळून ठरवलं होतं की त्या दुपारी कुणीच उतरायचं नाही. लेखी काही नव्हतं. शब्द होता. साउथनं नंतर असा शब्द दिल्याचं नाकारलं.

दुपारी दोनची वेळ होती. बाल्मेनचे खेळाडू आले होते, पण मैदानात नाही. ते फाटकाबाहेर उभे राहून येणाऱ्यांना आत जाऊ नका म्हणून सांगत होते. संप चालू असताना कारखान्याच्या दाराशी कामगार उभे राहतात तसे. त्या वस्तीला ही पद्धत शिकवायला लागत नव्हती. आत साउथचे तेरा जण गणवेशात मैदानावर आले. समोरचा अर्धा भाग मोकळा. रेफरीनं वेळ पाहिली, शिटी दिली. साउथनं किक मारली, चेंडू रिकाम्या जागेत पडला, त्यांच्यातलाच एक जण धावत गेला, तो उचलला आणि रेषेपलीकडे टेकवला. अडवायला कुणीच नव्हतं. झालं. साउथ सलग दुसऱ्यांदा विजेते. थोड्या वेळानं त्याच मैदानावर मोठा सामना सुरू झाला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक बोलले ते त्याच्याबद्दल.

मराठी क्रीडापानांवर समोरचा संघ न आल्यास 'पुढे चाल मिळाली' असं लिहितात. त्या शब्दात न येणाऱ्याचा काहीच पत्ता नसतो : तो आजारी पडला, त्याची गाडी चुकली की तो रुसला, सगळं एकच. इंग्रजी नोंदीतही बाल्मेनबाबत तसाच एक शब्द आहे, हक्क गमावल्याचा. म्हणजे दोष येणाऱ्याचा नाही, न येणाऱ्याचा. बाल्मेनवाले यालाच चिडतात. त्यांच्या मते त्यांनी सामना सोडला नाही, काम बंद ठेवलं. सोडणं आणि बंद ठेवणं यांत फरक आहे. एकात माणूस घरी बसतो, दुसऱ्यात फाटकाशी उभा राहतो. 'माघार' म्हणावं तर ते मागे गेलेच नाहीत, ते तिथेच शंभर पावलांवर होते. 'बहिष्कार' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण बहिष्कार एकट्यानं टाकला की तो फसतो. बाल्मेनचा राग लीगवर जितका, त्याहून जास्त साउथवर होता, तो यामुळेच. लीगकडून त्यांना काही अपेक्षा उरली नसावी. साउथकडून होती.

साउथची बाजू कमकुवत आहे असं नाही. नियमाप्रमाणे सामना जाहीर झालेला होता, वेळ आणि मैदान ठरलेलं होतं, आणि उतरलं नाही तर साउथचंही काय झालं असतं कुणास ठाऊक. आपल्याच संघटनेविरुद्ध दोन क्लबांनी संप करायचा आणि संघटनेचं वय दोन वर्षं : लीग फुटलीच असती, असा युक्तिवाद करता येतो आणि करतातही. युनियनवाले टपलेलेच होते. पण एक प्रश्न उरतो. जो क्लब रेडफर्नच्या टाउन हॉलमध्ये कामकऱ्यांच्या सभेतून निघाला, त्याला रिकाम्या मैदानात चेंडू टेकवताना जरा तरी अवघडल्यासारखं झालं असेल का? जिंकल्याची नोंद व्हायला वेळेवर हजर राहणं पुरेसं होतं. चेंडू उचलून रेषेपार नेण्याची काही गरज नव्हती, तो तर शुद्ध देखावा. आणि तो देखावाच लोकांच्या लक्षात राहिला.

लीगचा डाव मात्र साधला, हे नाकारून चालणार नाही. वॉलबीज एकदा खेळले आणि युनियननं त्यांना कायमचं बाद केलं, त्यामुळे ते लीगचेच झाले. त्यांचा कप्तान पुढच्या कांगारू दौऱ्याचाही कप्तान झाला. १९१० मध्ये इंग्लंडचा संघ पहिल्यांदा सिडनीला आला तेव्हा पहिल्या कसोटीला चाळीस हजारांच्या आसपास माणसं होती. तीन वर्षांपूर्वी युनियनच्या फाटकाशी लागलेली रांग आता इकडे लागली. महायुद्धात युनियननं स्पर्धा थांबवली, लीगनं चालू ठेवली, आणि शहर लीगचं झालं. त्या आठ संघांतलं न्यूकॅसल मात्र १९०९ नंतर स्पर्धेतून गेलं ते १९८८ मध्येच परत आलं, नव्या क्लबाच्या रूपात.

१९१० चा अंतिम सामनाही सरळ सुटला नाही. न्यूटाउन आणि साउथ ४-४ बरोबरीत राहिले आणि साखळीत पुढे होते म्हणून न्यूटाउनला विजेतेपद दिलं गेलं. पहिल्या तीन हंगामांच्या अंतिम सामन्यांतला एक निम्म्या ताकदीच्या संघांनी खेळला, एक खेळलाच गेला नाही आणि एक बरोबरीत सुटला. बाल्मेननं त्याची भरपाई मैदानातच केली : १९१५, १९१६, १९१७, मग १९१९ आणि १९२०. त्या सहा वर्षांत पाच वेळा.

पण साउथशी हिशेब बाकी होता आणि तो मिटला (मिटला म्हणायचं असेल तर) साठ वर्षांनी, जवळपास त्याच तारखेला. २० सप्टेंबर १९६९. साउथ पुन्हा सगळ्यांचा आवडता, आधीची दोन्ही वर्षं विजेता. बाल्मेनला कुणी धरत नव्हतं. सामन्यात बाल्मेनचे खेळाडू वरचेवर जमिनीवर पडून राहू लागले. खरंच लागलंय की नाही ते कळेना, खेळ थांबे, साउथची लय तुटे. ११-२ असं बाल्मेन जिंकलं. साउथवाल्यांनी याला फसवणूक म्हटलं. बाल्मेनच्या म्हाताऱ्यांना १९०९ आठवलं असेल, यात मला शंका नाही. एकदा तुम्ही आम्ही नसताना खेळलात. आता आम्ही तुम्हाला खेळूच देत नाही. साउथनं लगेच १९७० आणि १९७१ जिंकून घेतलं. बाल्मेनचं ते शेवटचं विजेतेपद ठरलं.

शेवटचं, कारण १९९० च्या दशकात पैसा पुन्हा एकदा फाटकातून आत आला, या वेळी दूरचित्रवाणीच्या हक्कांचा. दोन वर्षं भांडण, १९९७ मध्ये दोन समांतर स्पर्धा, मग तह. तहाची अट होती क्लब कमी करण्याची : २००० पर्यंत चौदा. बाल्मेननं वेस्टर्न सबर्ब्सशी विलीनीकरण करून जीव वाचवला. साउथनं नाही म्हटलं आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला काढून टाकलं गेलं. ज्या क्लबानं १९०९ मध्ये लीगच्या वेळापत्रकाचा मान राखला होता, त्याला लीगनं नव्वद वर्षांनी वेळापत्रकातूनच पुसलं. साउथचे लोक मग रस्त्यावर उतरले, हजारोंच्या मोर्चांत, लाल-हिरवे झेंडे घेऊन, कोर्टात गेले, २००२ मध्ये क्लब परत आला. या मोर्चांमध्ये बाल्मेनच्या रंगाचे गणवेश घातलेले लोकही होते असं म्हणतात. असतीलच. फाटकाबाहेर उभं राहायचं त्यांना अंगवळणी होतं.

पश्चिम सिडनीत आज बरीच मराठी घरं आहेत. तिथल्या शाळेत जाणारी पोरं संध्याकाळी 'टायगर्स'च्या टोप्या घालून घरी येतात, आणि हे टायगर्स म्हणजे बाल्मेन आणि वेस्टर्न सबर्ब्स यांचा जोडसंघ. त्यांनी २००५ मध्ये विजेतेपद घेतलं, साउथनं २०१४ मध्ये, तेही ३०-६ असं दणक्यात. तेव्हा त्यांचे एकवीस झाले. १८ सप्टेंबर १९०९ ज्या मैदानावर गेला तिथे आता चित्रपटाचे स्टुडिओ आहेत. विजेत्यांच्या यादीत १९०९ समोर साउथ सिडनी, उपविजेत्याच्या रकान्यात बाल्मेन, आणि गुणांच्या जागी आकड्याऐवजी एक शब्द.